कार्डावरची तीन टिंबं

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गल्ली अर्थमंत्री म्हणते. ना गाडी, ना शिपाई, आणि खातं म्हणाल तर शर्टाच्या खिशात मावेल एवढं. तो शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांचे अर्थ लिहितो, म्हणून मंत्री. खिशात कोऱ्या कार्डांची गड्डी असते. समोरचा माणूस बोलता बोलता हवा तो शब्द बोलून गेला की याचा हात खिशात जातो. मग समोरचा रडत असो की हसत असो, याला त्याचं काही नाही.

त्यांचा कोश आपण घरात घेऊन पाळलेल्या इंग्रजी शब्दांचा आहे. चेक, लाइन, फिट, पास. साहेबाच्या देशातून आलेले आणि इथे येऊन बिघडलेले. बिघडलेले हा माझा शब्द. भाऊ म्हणतो, रुळलेले. कचेरीचा नियम कडक. कार्डावर वाक्य जसं बोललं गेलं तसं उतरवायचं, खाली कोण बोललं, त्याचा धंदा, बोलणाऱ्याशी नातं असेल तर नातं, आणि तारीख. मनानं बनवलेलं वाक्य चालत नाही. वाक्य लांब असेल तर नको तो तुकडा गाळायचा आणि तिथे तीन टिंबं द्यायची.

‘चेक’ला त्याला तीन आठवडे लागले, ‘लाइन’ला पाच. ‘सेट’ला आठ महिने झाले तरी तो संपेना. कपांचा सेट, दातांचा सेट, नाटकाचा सेट. केस सेट करणं, सिमेंट सेट होणं, साहेबाला सेट करणं. डोक्यात सेट होणं म्हणजे हट्टाला पेटणं आणि पोरगा सेट होणं म्हणजे आईबापानं सुटकेचा श्वास टाकणं. “ताई, हा शब्द नाही, धर्मशाळा आहे,” तो म्हणायचा, “जो येतो तो इथेच मुक्काम करतो.”

त्या आठ महिन्यांत मला त्याला एकच गोष्ट सांगायची होती. मी लग्न करतेय, आणि नोंदणीच्या दिवशी माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून तू उभा राहा.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना, मग सांगायचं. तुमचे भाऊ तसले नसतील.

मी शेहेचाळीस वर्षांची. शिवणकाम करते, शर्ट, कोट, शाळेचे गणवेश. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि हा रांगत होता. त्यानंतर मी शाळेत गेले ती त्याला सोडायला आणि आणायला. त्याच्या भिंतीवर दोन पदव्या टांगल्यात, त्या दोन्ही माझ्या पायाखालून निघाल्यात, मशीनच्या पायडलवरून. मला वाचायची गोडी लागली ती त्याच्या रद्दीमुळे. कचेरीत छापून चुकलेले लांबलचक कागद तो घरी आणतो, मी त्यांवर बाह्या नि गळे आखून कापते. कात्री चालवताना डोळे कागदावरच असतात. ‘प’चे अर्थ मी एका शाळेच्या गणवेशावर वाचले, ‘ल’ निम्मा एका वकिलाच्या कोटावर. शिकलेल्यांना वाटतं ज्ञान पुस्तकात असतं. ते कागदावर असतं, आणि कागद कशालाही लागतो.

लग्न केलं नव्हतं. कुणी नको म्हटलं नाही आणि कुणी हो का म्हणून विचारलंही नाही. मग कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांच्या दुकानात मी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला टाकायला गेले. डोळ्याला भिंग लावून बसलेला पन्नाशीचा माणूस. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. त्यांनी घड्याळ उघडलं, आत बघितलं आणि म्हणाले, “यात दोरा आहे.”

“माझ्या घरात सगळ्यात दोरा असतो,” मी म्हणाले.

“घड्याळ चांगलंय. दोरा काढतो. परत जाईल.”

“मग परत आणीन.”

ते दोनदा गेलं. तिसऱ्यांदा मी घड्याळ न घेताच गेले. त्यांनी भिंग काढलं, स्टूल पुढे सरकवलं. बोलणं फार नाही त्या माणसाचं. पण मी बोलत असले की हातातलं काम खाली ठेवतात. माझ्या घरात हे मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा भावाला सांगितलं ते अगदी सरळ. तो जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरून बसला होता. बुटांची सहा खोकी, खुर्चीवर दोन, माझ्या मशीनच्या झाकणावर एक. मी ताट कुठे ठेवू म्हणून उभी होते. म्हटलं, “अरे ऐक. मी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांशी लग्न करायचं म्हणतेय.”

“हं,” तो म्हणाला. “ताई, ते खोकं जरा उचलतेस?”

नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. मी खोकं उचललं. ते त्याच्या डोक्यात घालावं असं वाटलं होतं, पण कार्डं विस्कटली असती आणि ती पुन्हा लावायला मलाच बसावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या वहिनी शर्टाचं माप द्यायला आल्या. बोलता बोलता मी म्हणाले, “हा शर्ट तुमच्या ह्यांच्या खांद्यावर सेट बसेल.” आतल्या खोलीतून हा धावत आला. चपला उलट्या घातलेल्या. “काय म्हणालीस? पुन्हा म्हण. नाही, पुन्हा नको, तसंच असू दे.” आणि कार्ड भरलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मंत्र्याला अर्ज कसा करायचा ते कळलं.

रात्रीची भांडी आवरायच्या आधी मी म्हणाले, “घड्याळवाल्यांचं नि माझं सेट झालंय.”

त्याचा हात खिशात. डोळे चमकले. इतकी वर्षं यानं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. “स्त्री-पुरुषांत, जुळणं या अर्थी,” तो म्हणाला. “हा आपल्याकडे कॉलेजच्या पोरांच्या तोंडचा होता फक्त. तुझ्या वयाच्या बाईच्या तोंडून पहिल्यांदाच. ताई, तू रत्न आहेस.”

“बरं मग?”

“मग काय?”

“तुला काही बोलायचं नाही?”

“आणखी असेल तर सांग,” तो म्हणाला.

मी सांगत गेले. “त्यांनी दुकानामागची खोली माझ्या मशीनसाठी सेट केलीय.” कार्ड. मांडणं, सोयीनं लावणं. “खिडकीशी मशीन सेट केलं तर उजेड डावीकडून येतो.” कार्ड. “त्यांच्या बहिणीला मी आधी आवडले नव्हते, आता तीही सेट झालीय.” कार्ड, आणि वर शाबासकी. “मी गेल्यावर तुझं जेवणाखाण्याचं कसं सेट करायचं?” या कार्डाला त्यानं लाल खूण केली, कारण जेवणाशी हा शब्द त्याला दुर्मीळ वाटला. माझं जाणं त्याला दुर्मीळ वाटलं नाही.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा निदान गप्प असतो. हा वाहवा करायचा.

तारीख मिळाली. शनिवार, सकाळी अकरा. साक्षीदार तीन लागतात. घड्याळवाल्यांकडून त्यांची बहीण आणि मेहुणे. माझ्याकडून एक. मी आयुष्यात कुणाकडे कधी काही मागितलं नाही, त्यामुळे मागायची रीतही मला नीट येत नाही. तरी त्या सोमवारी मी मशीन थांबवलं, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “येत्या शनिवारी अकराची वेळ सेट झालीय, तू येशील ना?”

त्यानं लिहिलं. कार्ड लांब धरून बघितलं. “सुरेख,” म्हणाला.

सुरेख हे त्या वाक्याला होतं, शनिवारला नव्हतं, एवढं मला कळत होतं.

मी दुकानात गेले. घड्याळवाल्यांनी हातातलं खाली ठेवलं.

“तिसरा साक्षीदार दुसरा बघू,” ते म्हणाले. “समोरचा चप्पलवाला येईल. सज्जन माणूस आहे.”

“भाऊ जिवंत असताना चप्पलवाला?”

“मग पुन्हा विचार.”

“दोन्ही तऱ्हांनी सांगून झालं. एकदा शब्द न घालता, एकदा घालून. तिसऱ्यांदा विचारणार नाही.”

त्यांनी मान हलवली. ते मला समजावायला जात नाहीत, हे त्यांचं चांगलंय. पण त्यांनी चप्पलवाल्याला कोटाला इस्त्री करून ठेवायला सांगितलं, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी भाऊ घरी आला तो तोंड उतरवून. खोकी काखेत, जेवण नको म्हणाला.

“ताई, उद्या तुला कचेरीत यावं लागेल.”

“का?”

“मोठ्या बाईंना संशय आलाय.” मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या प्रमुख. “‘सेट’च्या सत्तेचाळीस कार्डांपैकी एकतीस एकाच बोलणाऱ्याची आहेत. बहीण, शिवणकाम. त्या म्हणतात, एक बाई एक शब्द इतक्या अर्थांनी बोलत नाही. मी घरी बसून वाक्यं बनवलीत असं त्यांना वाटतंय. असा संशय आला की बोलणाऱ्याला बोलावतात, कार्डं तारखेप्रमाणे लावून त्याच्यासमोर वाचतात. तू नुसतं हो म्हण. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. येशील ना?”

हे शेवटचे दोन शब्द तो किती सहज बोलला. मला हसू आलं.

“येईन,” मी म्हणाले. त्याला एका दमात उत्तर मिळालं.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. जिन्याला धूळ, आत भिंतभर खण, प्रत्येक खणावर अक्षर. खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं कार्डं उडतात. चार-पाच विद्वान खाली मान घालून बसले होते. एकाच्या कोटाची शिलाई खांद्यावर उसवलेली, दुसऱ्याच्या बाहीचं बटण तिसऱ्याच रंगाचं. जगातल्या शब्दांचा हिशेब लागतो, बटणाचा लागत नाही.

मोठ्या बाई सत्तरीच्या असतील. केस आखूड, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी मला बसायला सांगितलं, भावाला सांगितलं नाही. कार्डं समोर होती. घरी तो अर्थाप्रमाणे लावत असे. माझं एक बोलणं या खोक्यात, पुढचं त्या खोक्यात. इथे ती तारखेप्रमाणे लावलेली होती, एकाखाली एक.

“मी वाचते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही बोललात की नाही एवढं सांगा.”

सुरुवातीची वीसेक कार्डं शर्टांची आणि मशीनची होती. टाका सेट कर, कॉलर सेट बसत नाही. मी बोलले, बोलले म्हणत गेले. भाऊ खिडकीशी उभा राहून जरा सैल झाला.

मग बाईंनी पुढचं उचललं. “‘घड्याळवाल्यांचं नि माझं सेट झालंय.’ बोललात?”

“बोलले.”

“‘त्यांनी दुकानामागची खोली माझ्या मशीनसाठी सेट केलीय.’”

“बोलले.”

“‘त्यांच्या बहिणीला मी आधी आवडले नव्हते, आता तीही सेट झालीय.’”

“हो.”

“‘मी गेल्यावर तुझं जेवणाखाण्याचं कसं सेट करायचं?’”

खोलीतल्या पेनांचा आवाज थांबला होता. उसवलेल्या कोटानं मान वर केली. मी भावाकडे बघितलं नाही, पण त्याचा श्वास मला ऐकू येत होता. अकरा कार्डं. आठ महिन्यांत मी एक एक करून जे सांगितलं ते त्या बाईंनी दोन मिनिटांत सलग वाचलं, सपाट आवाजात, बाजाराची यादी वाचावी तसं.

“ताई,” भाऊ म्हणाला, “हे… मला वाटलं तू उदाहरणादाखल बोलतेस. माझ्या कामाला मदत म्हणून.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे ही वाक्यं बनावट आहेत असं समजून तुम्ही कार्डं भरलीत?”

 हो म्हणावं तर नोकरी, नाही म्हणावं तर भाऊपण. दोन्हीकडून अडकला मंत्री.

“बनावट नाहीत,” मी म्हणाले. “एकेक वाक्य खरं आहे. लग्न खरं, खोली खरी, त्यांची बहीणही खरी. जाऊन बघा.”

“मग हा शब्द तुमच्या बोलण्यात इतका कसा?”

खोटं बोलता आलं असतं. त्याचं भलं झालं असतं. पण तो मला नुसतं हो म्हण म्हणाला होता, आणि नुसतं हो मी वीस वर्षं म्हणत आले होते.

“मुद्दाम घातला,” मी म्हणाले. “तो शब्द नसेल तर याला ऐकू येत नाही. आधी नुसतं ‘अरे ऐक’ म्हणून सांगितलं होतं. त्याचं कार्ड नाही.”

कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. बाई हसल्या नाहीत. “मुद्दाम घातलेला शब्द आम्हाला चालत नाही,” त्या म्हणाल्या. “बोलणं खरं असलं तरी. ही अकरा बाद होतील.”

“करा,” मी म्हणाले.

त्यांनी शिक्का उचलला आणि एकेक कार्डावर मारत गेल्या. बाद. बाद. एरवी एका कार्डासाठी बोहारणीसारखी घासाघीस करणारा माझा भाऊ एक अक्षर बोलला नाही. शेवटच्या कार्डापाशी बाई थांबल्या.

“‘येत्या शनिवारी अकराची वेळ सेट झालीय’, आणि पुढे तीन टिंबं. काय गाळलंय?”

“मला आठवत नाही,” भाऊ म्हणाला. त्याला आठवत होतं. माणूस खोटं बोलताना कान लाल होतात, ते त्याचे लहानपणापासून होतात.

बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्हाला?”

“‘तू येशील ना?’ असं होतं.”

बाईंनी कार्ड खाली ठेवलं. “हे का गाळलं?” त्यांनी त्याला विचारलं.

“त्यात शब्द नव्हता,” तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याचा आवाज बारीक होत गेला.

 बाईंनी ते कार्डही बाद केलं, अकराची चळत करून त्याच्या हातात दिली. “बाद कार्डं कचेरीत ठेवत नाहीत. घरी न्या. उरलेली वीस ठीक आहेत. काम चालू ठेवा.” आणि मला म्हणाल्या, “आमच्या ह्या कोटाचं काही होईल का?” उसवलेल्या विद्वानाकडे बोट होतं. मी म्हटलं, “पाठवून द्या. सोमवारनंतर. पत्ता बदलतोय.”

परतताना तो माझ्या एक पाऊल मागे चालत होता. कोपरा आला, घड्याळाचं दुकान आलं. तो थांबला. काचेतून आत बघितलं. घड्याळवाल्यांनी भिंग काढून हात वर केला, यानंही अर्धा केला. रोज जाता-येता सहा वर्षं या दुकानावरून तो गेलेला. त्या माणसाचा चेहरा त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिला असावा.

घरी येऊन त्यानं टेबलावरची खोकी उतरवली. सगळी. ताट ठेवायला जागा झाली.

“ताई, उद्या किती वाजता?”

“कार्डावर आहे. वाच.”

त्यानं चळतीतून शेवटचं कार्ड काढलं. वाचलं.  “येईन,” म्हणाला.

“बघू,” मी म्हणाले. “चप्पलवाला तयार आहे म्हणतात.”

“कोण चप्पलवाला?”

“साक्षीदार, तुझ्या जागी. कोटाला इस्त्री करून बसलाय.”

“भाऊ जिवंत असताना चप्पलवाला?” तो म्हणाला, आणि मला इतकं हसू आलं की कपातला चहा कपड्यावर सांडला. तो बिचारा बघत बसला की यात हसण्यासारखं काय होतं. मी सांगितलं नाही. सगळेच अर्थ सांगायचे नसतात.

त्याचा निळा शर्ट मीच काढून दिला. इस्त्री केली आणि एक छोटं काम केलं.

शनिवारी नोंदणीच्या कचेरीत तो आमच्या आधी अर्धा तास पोचलेला. दाढी केलेली, बूट पुसलेले. शेजारी चप्पलवालाही बसला होता कोट घालून, कारण त्याला नको म्हणून सांगायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

कारकुनानं कागद चाळले. “यात फोटोंचा एक सेट कमी आहे,” तो म्हणाला.

माझ्या भावाचा हात खिशाकडे गेला. गेला तो गेला आणि तिथेच अडला. त्यानं बोटांनी चाचपलं, खाली बघितलं. खिशाचं तोंड बारीक टाक्यांनी बंद केलेलं, निळ्या दोऱ्यानं, दिसणारही नाही असं.

“खिसा काय झाला?” तो हळूच म्हणाला.

“रफू केला.”

“फाटला नव्हता.”

“फाटला होता,” मी म्हणाले.

 तो उठला, घड्याळवाल्यांना म्हणाला, “चला, समोर फोटोवाला आहे, मी घेऊन येतो,” आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘दाजी’ म्हणाला. दाजींनी, दुसरं काय करणार, घड्याळ बघितलं.

फोटो आले. सह्या झाल्या. त्याची वेळ आली तेव्हा त्यानं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि ‘वधूशी नातं’ या रकान्यापाशी पेन धरून थांबला. कारकून म्हणाला, “अहो, नातं लिहायला एवढा वेळ?”

“जागा कमी आहे,” माझा भाऊ म्हणाला.

“दोन शब्दांचं काम.”

त्यानं वाकून लिहिलं. रकाना संपला तरी लिहीत राहिला, अक्षरं बारीक करत, रेघेबाहेर, समासापर्यंत. मी मान लांब करून वाचायला गेले, पण त्यानं हातानं झाकलं, परीक्षेत झाकतात तसं. कारकुनानं नापसंतीनं बघितलं आणि शिक्का मारला.

काय लिहिलंय ते मला अजून माहीत नाही. नक्कल मागितली की मिळते म्हणतात. पेन चालताना एवढं मात्र मी पाहिलं, की कुठेही तीन टिंबं नव्हती.